आजोबांची चार रिव्हॉल्व्हरं आणि दहा लाखांचा आकडा

वाचकाचं पत्र, थोडं आवरून:

"आम्ही सातारा जिल्ह्यातले. वडील मागच्या पावसाळ्यात गेले. आता वाड्याच्या वाटणीचं बोलणं सुरू झालं आणि लोखंडी कपाटातून आजोबांची चार रिव्हॉल्व्हरं निघाली. आजोबा दुसऱ्या महायुद्धात लष्करात अधिकारी होते, जुन्या हत्यारांचा त्यांना शौक होता. एक मोठं वेब्ली आहे, त्यावर १९१७ आणि ४५५ असं कोरलंय. एक छोटं, .३२ स्मिथ अँड वेसन. एक गंजलेलं, चाप दुमडणारं, नाव नसलेलं. आणि एक शिसवी पेटीत, पाच बारांचं, त्यावर अ‍ॅडम्स पेटंट असं लिहिलंय. पहिली दोन वडिलांच्या परवान्यावर आहेत, बाकी दोघांचे कागद सापडत नाहीत. बिस्किटाच्या डब्यात काही काडतुसंही आहेत. न्यू जर्सीतला चुलतभाऊ म्हणतो, तिकडे अशा वस्तूंना हजारो डॉलर येतात. त्यावरून धाकट्या भावाने एकट्या वेब्लीचे दहा लाख धरलेत. ते मी ठेवलं तर तळ्याकडचं शेत त्याला हवंय. बहीण लग्न होऊन बारामतीला आहे, तिचा यात प्रश्न नाही. एक गृहस्थ फोनवर चारही नग रोख घ्यायला तयार आहे, कागद नकोत म्हणतो. खरी किंमत कशी काढायची? आणि दाखवण्याआधी ब्रासोने चकाचक करून ठेवू का? — अ. ज."

अ. ज., सप्रेम नमस्कार.

तळ्याकडचं शेत देऊ नका. निदान वेब्लीच्या बदल्यात तरी नको. कारण सांगतो, पण त्याआधी एक काम उरकायला हवं.

वडील गेले तेव्हाच त्यांच्या परवान्याचा आधार संपला. शस्त्र परवाना माणसाच्या नावाचा असतो. तो घराचा नसतो आणि वस्तूचाही नसतो. म्हणजे आज ती रिव्हॉल्व्हरं ज्याच्या कपाटात आहेत, त्याच्या ताब्यात ती विनापरवाना आहेत. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम २१ नेमकं यासाठी आहे. बाळगण्याचा हक्क संपला की विनाकारण वेळ न घालवता शस्त्र आणि काडतुसं जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्राला किमान दोन वर्षं आणि प्रतिबंधित शस्त्राला सात ते चौदा वर्षं शिक्षा आहे. घाबरवण्यासाठी सांगत नाही. दुखवट्याच्या घरात कपाटातली हत्यारं कुणाला आठवतात? बंदुकीच्या दुकानात उभं आयुष्य गेलं माझं, असे वारस कितीतरी पाहिले. स्वतःहून अर्ज घेऊन गेलेल्या माणसाकडे ठाणेदार एका नजरेने बघतो आणि झडतीत सापडलेल्याकडे दुसऱ्या. तुम्ही पहिले व्हा, आणि याच आठवड्यात व्हा.

मात्र पिशवीत भरून स्कूटरवरून निघू नका. ठाण्यात लेखी अर्ज द्या, प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेला. वडिलांचा मृत्यूचा दाखला आणि मूळ परवाना जोडा, चारही नगांचं वर्णन लिहा, ज्यांचे कागद नाहीत त्यांचंही. ती कशी आणायची हे त्यांना ठरवू द्या. तोवर कुणी हात लावायचा नाही. घोडा ओढून बघायचा नाही, मुलांना दाखवायचं नाही. पेटीतलं अ‍ॅडम्स हे ठासणीचं आहे. आत बार भरून ठेवलेला असेल तर काळी दारू कोरडी राहून शंभर वर्षांनीही पेट घेते. आणि ते गंजकं जर मला वाटतंय त्या जातीचं असेल, तर त्याच्या काडतुसाला बाजूने पितळी खिळा बाहेर आलेला असतो. तसलं काडतूस फरशीवर पडलं आणि खिळा ठोकला गेला तर उडू शकतं. बिस्किटाचा डबा हलवून आत काय आहे ते ऐकण्याचा मोह टाळा.

जमा करताना एक निवड तुमच्या हातात आहे. ठाण्यातला मुद्देमालाचा कोठा फुकट असतो, पण साताऱ्याकडच्या पावसात तिथे पोलादाचे काय हाल होतात ते मी पाहिलंय. शस्त्रविक्रेता भाडं घेईल, पण तेलाचा हात फिरवून कोरड्या जागी ठेवेल. विकायचं मनात असेल तर ते भाडं वसूल होतं. पावतीवर 'जुने रिव्हॉल्व्हर नग ४' एवढ्यावर भागवू नका. प्रत्येकाचं नाव, क्रमांक, बोअर (नळीच्या आतला व्यास), नळीची लांबी, मुठीची स्थिती, पेटीतला एकेक सुटा नग, सगळं लिहून घ्या, फोटो काढून घ्या. वडिलांच्या फायलीत निवडणुकीच्या वेळी शस्त्र जमा केल्याच्या जुन्या पावत्या असतील, त्याही शोधा. दर निवडणुकीला परवानाधारकांची किती पायपीट होते! पण त्या पावत्यांवर क्रमांक असतात, आणि हेच शस्त्र इतकी वर्षं उघडपणे या घरात होतं याचा तो पुरावा आहे.

जमा केल्याने मालकी जात नाही, ही भीती काढून टाका. त्याच कलम २१ ने वारसाला दोन मार्ग ठेवलेत. आपल्या नावे परवाना मिळवून वस्तू परत घ्यायची, किंवा जमा असतानाच हक्कदार गिऱ्हाइकाला विकायला संमती देऊन पैसे घ्यायचे. फक्त त्याला मुदत आहे. मुदतीत काहीच केलं नाही तर जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने वस्तू सरकारजमा होते. 'जमा केलंय ना, बघू पुढे' म्हणून निवांत बसलेल्या घरांची चांगली चांगली हत्यारं अशी गेली आहेत. पावती घेतानाच मुदत विचारा.

आता किंमत.

तुमच्या चुलतभावाने अमेरिकेतले लिलाव पाहिले आणि भावाने डॉलरला रुपयाने गुणलं. गणित बरोबर आहे, बाजार चुकला. अमेरिकेत १८९८ सालपर्यंत बनलेलं हत्यार केंद्राच्या कायद्याने बंदुकीत मोजलंच जात नाही. ब्रिटनमध्येही खऱ्या जुन्या वस्तू शोभेखातर ठेवायला सवलत आहे. त्यामुळे तिथे संग्राहकांचा मोठा बाजार उभा राहिला आणि भाव पडतो तो इतिहास, दुर्मीळपणा आणि मूळ मुलामा यांना. आपल्याकडे आधी एकच प्रश्न: हे कुणाला विकता येईल? रस्त्याला लागून दहा गुंठे असले आणि सातबाऱ्यावर वाद असला की त्या जमिनीला भाव कसला, तसं आहे हे. त्यामुळे तुमच्या चार नगांचा जगात जो क्रम लागेल, तो इथे लागत नाही.

वेब्ली घ्या. वर्णनावरून ते मार्क ६ आहे. ब्रिटिश फौजेने ते १९१५ मध्ये स्वीकारलं, सहा इंची नळी, काडतुसं भरायला मधून दुमडून उघडणारं, किलोभराहून जड, बर्मिंगहॅमचं काम. पहिल्या महायुद्धात ते लाखांनी बनलं, म्हणजे दुर्मीळ मुळीच नाही. अमेरिकेतसुद्धा चांगल्या स्थितीतल्याला साधारण हजार डॉलरच्या आगेमागे येतात. तिथे पुष्कळ मार्क ६ चं सिलिंडर मागून तासून त्यांच्या .४५ च्या काडतुसाला जुळवलं गेलं, आणि तसं तासलेलं असेल तर भाव आणखी उतरतो. तुमच्या भावाचे दहा लाख कुठून आले ते मला कळलेलं नाही. बहुतेक कुण्या सेनापतीच्या वेब्लीची चित्रफीत पाहिली असेल.

आणि इथे? .४५५ हे फौजेचं काडतूस. शस्त्र नियमांत .३८० आणि .४५५ ची रिमवाली, म्हणजे बुडाला कड असलेली, काडतुसं मारू शकणारी रिव्हॉल्व्हरं प्रतिबंधित बोअरमध्ये येतात. वडिलांच्या परवान्यावर त्यापुढे पी.बी. (प्रोहिबिटेड बोअर) अशी अक्षरं असतील, बघा. अशा शस्त्राचा परवाना जिल्हाधिकारी आपल्या अधिकारात देऊ शकत नाही, प्रकरण केंद्रीय गृहमंत्रालयापर्यंत जातं. घेणाऱ्याकडेही तशीच परवानगी हवी, आणि अशी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. त्यामुळे मार्क ६ ला भारतात बाजारभाव असा नाहीच. आजोबांची आठवण म्हणून त्याचं मोल वेगळं, ते वाटणीच्या कागदावर येत नाही. वाटणीत त्याच्यापुढे शून्य लिहा आणि ज्याला मनापासून जपायचं आहे त्याने वारस म्हणून अर्ज करावा. परवानगी नाहीच मिळाली तर बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रासारख्या ठिकाणी, रीतसर परवाना शाखेमार्फत, विचारून पाहता येईल. आजोबांचे सेवेचे कागद असतील तर सोबत द्या, नुसतं वेब्ली त्यांच्याकडे कमी नसणार.

एक गोष्ट मात्र या वेब्लीवर शोधा. चौकटीवर बाणाच्या टोकासारखी खूण असेल, ती ब्रिटिश सरकारी मालमत्तेची. फौजेतून रीतसर विकल्या गेलेल्या नगावर दोन बाण टोकाला टोक लावून मारलेले असत. एकच बाण असेल तर आजोबांकडे ते कसं आलं याचा कागद शोधायला हवा. परवान्यावर इतकी वर्षं नोंद आहे म्हणजे काळजीचं कारण नाही, पण चौकशीत विचारतील.

आता ज्याकडे तुमच्यापैकी कुणाचंच लक्ष गेलेलं दिसत नाही, ते छोटं .३२. पैसा इथे आहे.

अमेरिकेत .३२ ची स्मिथ अँड वेसन हँड एजेक्टर म्हणजे दादीच्या उशाखालची गोष्ट, साधारण स्थितीत चार-पाचशे डॉलर. १८९६ पासून ती बनू लागली. आपल्याकडे सामान्य नागरिकाला परवान्यावर मिळू शकणारं रिव्हॉल्व्हर म्हणजे मुख्यतः .३२, कारण मोठे बोअर फौजेचे म्हणून बंद. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून परदेशी शस्त्रांची खासगी आयातही जवळजवळ बंद झाली. म्हणजे त्याआधी देशात आलेली जेवढी विलायती आणि अमेरिकन .३२ आहेत, तेवढीच फिरतात. दरवर्षी त्यातली काही गंजतात, काही सरकारजमा होतात, आणि परवानाधारक वाढतात. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये निर्भीक नावाचं हलकं .३२ आणलं तेव्हा त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. नव्या देशी नगाला एवढे, तर जुन्या विलायतीला त्याच्या काही पट मोजणारे लोक आहेत. बांधकामवाले, सराफ, राजकारणातले. त्यांना १९२० चं आहे की १९५० चं याच्याशी घेणं नसतं; नाव हवं असतं, आणि चाललं पाहिजे.

म्हणून या एका नगाची किंमत काढायची रीत संग्राहकाची नाही, वापरणाऱ्याची आहे. घोडा चढवल्यावर सिलिंडर किती घट्ट बसतं, नळीच्या आतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) धारदार आहेत की खड्डे पडलेत, चौकटीला चीर नाही ना, मूळ मुलामा किती टिकलाय, सगळे क्रमांक एकमेकांशी जुळतात का. हे तुम्ही तपासायचं नाही. विक्रेत्याच्या चिमटीत आणि दिव्याखाली ते दोन मिनिटांत कळतं. खडकीच्या कारखान्याचं .३२ काडतूस याला चालतं का, हेही विचारा; जुन्या नगांत आखूड .३२ आणि लांब .३२ असा फरक असतो. आखूड घराचं असेल तर भाव मोठा उतरतो.

आणि इथेच एक सापळा आहे. नळीवर इंग्रजीत स्मिथ अँड वेसन वाचलं की लोक खूश होतात. स्पेनमधल्या एइबार गावात आणि बेल्जियममध्ये गेल्या शतकाच्या सुरुवातीला या रिव्हॉल्व्हरच्या नकला ढिगाने झाल्या. त्यांच्या नळीवर '.३२ स्मिथ अँड वेसनच्या काडतुसांसाठी' अशा अर्थाचं वाक्य असे, कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत, बाकी शब्द बारीक. कायद्याने खोटं नाही, गिऱ्हाईक मात्र फसलं. अस्सल नगावर बाजूच्या पत्र्यावर कंपनीची गुंफलेली अक्षरं असतात, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डचा पत्ता असतो आणि मुठीच्या तळाशी क्रमांक असतो. फोटो काढताना या तीन जागा जवळून घ्यायला सांगा. नक्कल निघाली तर लाखांचा विषय तिथेच मिटला. दर्‍याच्या, म्हणजे खैबर खिंडीकडच्या, गावठी नकलाही देशात पुष्कळ फिरल्या. त्या वेब्लीच्या जास्त. कोरलेल्या इंग्रजी शब्दांत स्पेलिंगची चूक किंवा उलटं अक्षर दिसलं की ओळखायचं.

आता पेटी. पत्रातली मला सगळ्यात आवडलेली ओळ ही.

शिसवी नसेल हो ती, बहुधा ओक असेल. इंग्रज कारागीर रिव्हॉल्व्हरला ओकची पेटी देत. रॉबर्ट अ‍ॅडम्सचं रिव्हॉल्व्हर १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात अमेरिकन कोल्टच्या समोर मांडलेलं होतं. कोल्टचा घोडा दर बाराला अंगठ्याने चढवावा लागे, अ‍ॅडम्सचं नुसता चाप ओढला की चढून सुटे. १८५६ मध्ये बोमाँट नावाच्या अधिकाऱ्याच्या पेटंटाने दोन्ही सोयी एकत्र आल्या. क्रिमियाच्या लढाईत आणि १८५७ मध्ये इथे इंग्रज अधिकाऱ्यांनी ही पदरच्या पैशांनी विकत घेतलेली असत. चौकटीवर किंवा झाकणाच्या आतल्या कागदी चिठ्ठीवर 'डीन, अ‍ॅडम्स अँड डीन, किंग विल्यम स्ट्रीट' असं दिसलं तर ते १८५० च्या दशकातल्या भागीदारीचं. कुठेतरी ५४ असा आकडा असेल. बारा बोरच्या बंदुकीचाच हिशेब: एक पौंड शिशाच्या सारख्या ५४ गोळ्या केल्या, तर त्यातली एक बसेल एवढी नळी.

झाकण उघडून, वस्तूला हात न लावता, आत काय काय आहे ते नुसतं पाहा. हिरव्या बनातीचं अस्तर. गोळ्या ओतायचा साचा. दारूची तांब्याची कुपी. ईली कंपनीच्या, बार पेटवायच्या टोप्यांची गोल डबी. तेलाची बाटली, गज, पेटीची किल्ली. यातलं जे जे मूळचं आणि जागच्या जागी आहे, त्या प्रत्येकाला भाव आहे. भरलेली पेटी आणि सुटं रिव्हॉल्व्हर यांच्या किमतीत दुपटीचाही फरक पडू शकतो. म्हणून, आणि हे मोठ्याने वाचून दाखवा घरात: रिव्हॉल्व्हर एकाला, पेटी दुसऱ्याला अशी वाटणी करायची नाही. साचा कुणाच्या शोकेसमध्ये शोभेला जायचा नाही. चिठ्ठी सुटली असेल तर फेव्हिकॉल लावायचा नाही. पेटीवर किंवा नळीवर एखाद्या भारतीय दुकानाचं नाव असेल, कलकत्त्याच्या मँटनचं किंवा मुंबईच्या आर्मी अँड नेव्हीचं, तर ते लिहून ठेवा. वस्तू कुठल्या वाटेने घरात आली याचा धागा असतो तो.

ब्रिटनच्या लिलावात अशा भरल्या पेटीला हजार पौंडांच्या वर सहज जातात. पण तुम्ही ती तिथे पाठवू शकत नाही. १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे: शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. न्यू जर्सीच्या भावाला सामानात घालून न्यायची कल्पना सुचली असेल तर आजच फोन करून थांबवा. शस्त्र निर्यातीला वेगळा परवाना लागतो तो निराळाच. म्हणजे डॉलरचे आणि पौंडांचे आकडे तुमच्यासाठी ऐकायला गोड, एवढंच.

'शंभर वर्षं झाली की परवाना नको' हे गावोगाव ऐकू येतं. कायद्यात असं वय दिलेलं नाही. कलम ४५ मधली सूट जुन्या घाटाच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या शस्त्राला आहे, पण जे दुरुस्त करूनही चालणार नाही अशालाच. चांगल्या पेटीतलं अ‍ॅडम्स दुरुस्तीशिवायही चालत असेल! २०२० मध्ये नियम बदलून क्युरिओ, म्हणजे जुन्या दुर्मीळ वस्तूंच्या, वर्गातली शस्त्रं भारतीय नागरिकाने नुसती घरी ठेवायला परवाना नको असं केलं. ती वाहून न्यायची, वापरायची तर परवाना लागतोच. तुमचं अ‍ॅडम्स त्या वर्गात बसतं का, हे मात्र तुम्ही किंवा मी ठरवायचं नाही. परवाना शाखेकडून तपासून लेखी घ्या. तो एक कागद हातात आला की या पेटीला भारतातही गिऱ्हाईक उभं राहतं, संग्राहक असतील, जुन्या वस्तूंचे लिलाव करणारी मुंबईची घरं असतील. कागद नसेल तर कुणीच सरळ माणूस हात लावणार नाही. चौघांपैकी भाव वाढण्याची सगळ्यात जास्त जागा या नगात आहे, आणि ती जागा एका सरकारी पत्राची आहे.

राहिलं ते गंजकं. दुमडता चाप, नाव नाही, बहुधा सिलिंडरच्या घरांच्या कडेला बारीक खाचा असतील, खिळ्याच्या काडतुसासाठी. कासिमिर लफोशे या फ्रेंच कारागिराच्या कल्पनेवर बेल्जियमच्या लिएज शहरात अशी खिशातली रिव्हॉल्व्हरं अगणित झाली. तिथली तपासणीची खूण, अंडाकृतीत तीन अक्षरं, कुठेतरी सापडेल. परदेशातसुद्धा याला फारसं कुणी विचारत नाही. गंमत म्हणजे याच जातीच्या दोन नगांनी पॅरिसमध्ये लिलाव गाजवले. फ्रेंच कवी व्हर्लेनने १८७३ मध्ये ब्रसेल्सला कवी रँबोवर झाडलेलं रिव्हॉल्व्हर २०१६ मध्ये चार लाख युरोंच्या वर गेलं. आणि चित्रकार व्हॅन गॉगने स्वतःवर झाडलं असं मानलं जाणारं, शेतात सापडलेलं, पार सडलेलं लफोशे २०१९ मध्ये १,६२,५०० युरोंना. लोखंड तेच. तुमच्या आजोबांनी ते कुठून आणलं याची चिठ्ठी किंवा पत्र निघालं तर मला कळवा. नाही निघालं तर ते न चालणारं आहे असा दाखला मिळवून घरात कुणाला हवं त्याला द्या, वाटणीत धरू नका.

तर वाटणीसाठी आकडा हवा असेल तो असा काढा. जमा केल्यानंतर .३२ चा भाव दोन वेगवेगळ्या शस्त्रविक्रेत्यांकडून लेखी मागा, एक पुण्याचा, एक कोल्हापूरचा किंवा मुंबईचा. विचारताना 'तुम्ही काय देता' असं विचारू नका, 'गिऱ्हाइकाला कितीला जाईल आणि तुमचं कमिशन किती' असं विचारा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर निम्म्याहून कमी येतं. अ‍ॅडम्सचा भाव त्या लेखी पत्रानंतर, आणि संपूर्ण पेटीचा. वेब्ली आणि गंजकं यांच्यापुढे शून्य. एवढ्या दोन आकड्यांवर बोलणी करा. ओळखीतल्या परवानाधारकाला थेट विकायचं झालं तर दंडाधिकारी किंवा ठाण्याला घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं, हे धरून चाला. पण वारसांना विक्रेत्यामार्फतचीच वाट सोपी पडते. आणि ठेवायचं झालं तर एका माणसाला २०१९ पासून दोनच शस्त्रं, वारसाहक्काने आलेली धरून. धाकट्या भावाकडे रानडुकरांसाठी शेतीसंरक्षणाची बारा बोर असेल तर त्याच्यासाठी एकच जागा उरते. वारसाच्या अर्जाला इतर वारसांची ना हरकत लागते, सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही मागतात. शिकून घ्या, तुमच्याच भल्याचं आहे.

इतर वारस म्हटलं म्हणून. 'बहिणीचा यात प्रश्न नाही' असं तुम्ही लिहिलंत. आहे की! हिंदू वारसा कायद्याने ती तुमच्याइतकीच वारस, आणि आई असतील तर त्याही. तुम्ही दोघे भाऊ वेब्लीच्या दहा लाखांवरून भांडत असताना ज्या .३२ ला खरे पैसे येणार आहेत, त्यात तिचा सरळ वाटा आहे, आणि तिच्या सहीवाचून परवान्याचा अर्ज पुढे सरकणार नाही. बारामती काही लांब नाही. किंमत कळायच्या आधी जाऊन या, कळल्यावर गेलात तर सही मागायला आलात असं तिला वाटेल, आणि ते खरंही असेल.

ब्रासो नको. सँडपेपर नको, तारेचा घासणा नको, निकेलचा मुलामा तर मुळीच नको. नळीवरचा काळपट निळा रंग हा मळ नाही, तो मूळ मुलामा आहे, आणि भाव त्याला असतो. पेटीतल्या तांब्याच्या कुपीवरचा करडा थरही तसाच राहू द्या. दुकानात एक गृहस्थ आजोबांचं कोल्ट आरशासारखं लखलखीत करून घेऊन आले होते, कंपनीची अक्षरंसुद्धा बोटाला लागत नव्हती. त्यांना मी चहा पाजला, दुसरं काय करणार. तेलाचा हातही जमा झाल्यावर विक्रेत्यानेच फिरवावा.

आणि कागद न मागणाऱ्या फोनवाल्या गृहस्थांचा नंबर खोडू नका. उद्या त्याने तुमच्याकडून घेतलेलं .३२ कुठल्या गुन्ह्यात सापडलं तर परवान्यावरच्या क्रमांकावरून पोलीस तुमच्याच वाड्यात येतील. ठाण्यात अर्ज द्याल तेव्हा त्याच्या शेवटी त्या फोनची तारीख, वेळ आणि नंबर एका ओळीत लिहा, आणि पोच घ्यायला विसरू नका.